बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आजारी पडलं तर : आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी

काल संध्याकाळपर्यंत पिल्लू ठीक होतं. आज उबेचा दिवा लागून दोन तास झाले तरी ते पेटीच्या थंड कोपऱ्यात पोट टेकून पडलंय. डोळे अर्धवट मिटलेले, अंग काळपट, नाकासमोरून किडा सरपटत गेला तरी मान वळत नाही. अशा वेळी नवीन पाळणारा माणूस हमखास चिमट्यात किडा धरतो आणि पिल्लाच्या तोंडाशी नेतो. घेतला नाही तर तोंड उघडून भरवतो. "पोटात काहीतरी गेलं पाहिजे" हे आपल्या अंगात मुरलेलं असतं, आणि माणसाच्या लेकराला ते बऱ्याचदा लागूही पडतं. सरड्याच्या पिल्लाला नाही.

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातला, कोरड्या आणि तापलेल्या रानातला सरडा. अंग गरम ठेवायला लागणारी ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. अंग पुरेसं तापल्याशिवाय त्याचे पाचक रस नीट काम करत नाहीत, आतडी सुस्तावतात आणि रोगाशी लढण्याची ताकदही कमी पडते. गार पोटात ढकललेला किडा पचत नाही, तिथेच कुजायला लागतो. म्हणून आजारी पिल्लाच्या सेवेचा क्रम ठरलेला आहे : आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी.

हे मी पहिलं पिल्लू गमावून शिकले. नऊ ग्रॅमचं होतं ते. तीन दिवस मी त्याला सिरिंजने भरवत होते. काचेला चिकटवलेला काट्याचा थर्मामीटर ४० अंश दाखवत होता, म्हणून ऊब बरोबर आहे असं धरून चालले होते. चौथ्या दिवशी उसनी टेम्परेचर गन आणली आणि ते ज्या दगडावर बसायचं त्यावर रोखली. आकडा आला ३१. पिल्लू त्याच रात्री गेलं. पुढे आकडे वारंवार येतील, ते यासाठी. (सगळे आकडे सेल्सिअसमधले आहेत.)

खरंच आजारी आहे का?

आधी घाबरून जायचं नाही, कारण धडधाकट पिल्लूही नवख्याला घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी करतं. दिव्याखाली बसून तोंड उघडं ठेवणं हा अंगातली जास्तीची उष्णता घालवण्याचा प्रकार आहे. पुढचा एक पाय उचलून संथपणे गोल फिरवणं म्हणजे "मी लहान आहे, मला काही करू नका" अशी खूण. पोटावर उमटणाऱ्या गडद लंबगोल रेघा ताणाच्या असतात, पिल्लू निवलं की त्या फिकट होतात. कात टाकायच्या आधी अंग पांढरट, निस्तेज दिसतं आणि एखाद-दोन दिवस भूकही मंदावते. वाढीच्या वयात पिल्लं वरचेवर कात टाकतात. सुटत आलेली कात हाताने ओढायची मात्र नाही.

नव्या घरी आल्यावर पहिले काही दिवस पिल्लू कमी खातं. जागा नवी, माणसं नवी, काचेत दिसणारी स्वतःची प्रतिमाही नवी. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला, हाताळणं बंद ठेवलं आणि ऊब बरोबर असली की बहुतेक पिल्लं आठवड्याभरात रुळतात.

एका समजुतीने मात्र पुष्कळ पिल्लांचा घात होतो. "थंडी आहे, शीतनिद्रेत गेलं असेल" असं म्हणून लोक थांबून राहतात. मोठे बिअर्डेड ड्रॅगन हिवाळ्यात काही आठवडे मंद होतात, हे खरं आहे. पण वर्षाच्या आतलं पिल्लू दिवसाढवळ्या झोपून राहत असेल, तर ते आजारी आहे किंवा त्याला थंडी वाजतेय, असंच समजून पुढे जायचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दहा सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन ग्रॅमचं असतं. त्याच्याजवळ साठवलेली चरबी जवळजवळ नसतेच. मोठा सरडा आठवडाभर उपाशी राहून तगून जाईल, पिल्लाला इतकी सवड मिळत नाही.

कशासाठी थांबायचंच नाही

काही लक्षणं दिसली की घरचे उपाय बाजूला ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठायचा. शीच्या जागेतून लालसर मांसल भाग बाहेर आला असेल तर तो स्वच्छ पाण्याने ओला ठेवून लगेच निघायचं, सुकू द्यायचा नाही आणि हाताने आत ढकलायचाही नाही. बोटं किंवा पाय थरथरत असतील, झटके येत असतील. तोंडाभोवती किंवा नाकाशी फेस, बुडबुडे असतील, श्वास घेताना टकटक आवाज येत असेल, गार जागी बसूनही तोंड उघडंच असेल. मान वर आभाळाकडे वळून तशीच राहत असेल. शीमध्ये रक्त असेल. भाजल्याची जखम असेल. मागचे पाय ओढत चालत असेल.

आणि काजवा खाल्ला असेल तर एक मिनिटही वाया घालवायचा नाही. काही जातींच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एक काजवासुद्धा बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. बाहेर पकडलेले किडे घालूच नका असं सगळे सांगतात, त्यामागे कीटकनाशकांइतकंच हेही कारण आहे.

यातलं काही नसेल, पिल्लू फक्त मलूल आहे आणि खात नाही, तर खालच्या पायऱ्या आजच सुरू करा. पण डॉक्टरांची वेळही आजच घेऊन ठेवा. घरची सेवा डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पिल्लाला तगवण्यासाठी असते.

वजन

पहिलं काम वजनाचं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. एक हलका प्लॅस्टिकचा डबा त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, पिल्लू डब्यात ठेवा, आकडा लिहा, तारीख लिहा. रोज एकाच वेळी, सकाळी खाण्याआधी. वाढत्या वयात वजन वर जायलाच हवं. ते चार-पाच दिवस जिथल्या तिथे थांबलं तरी कुठेतरी बिघडलंय असं समजा. घसरत असेल तर डॉक्टरांची वेळ अलीकडे आणा. आपले डोळे आपल्याला फसवतात, "आज जरा तरतरीत वाटतंय" असं वाटत राहतं. काट्यावरचा आकडा तसं करत नाही.

ऊब

आता टेम्परेचर गन हातात घ्या. काचेवर चिकटवायचे थर्मामीटर काचेलगतच्या हवेचं तापमान दाखवतात. पिल्लाच्या पोटाखालचा दगड किती तापलाय ते त्यांना कळत नाही. गन त्या दगडावर रोखली की खरा आकडा मिळतो. हवेसाठी लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा.

पिल्लासाठी ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४३ अंश हवा. पेटीचं दुसरं टोक २५ ते २९ अंशांचं. एरवी रात्री तापमान २० पर्यंत उतरलेलं चालतं, पण आजारी पिल्लाला मी ते २४-२५ च्या खाली जाऊ देत नाही. रात्रीच्या उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावायचा. लाल किंवा निळ्या दिव्याची गरज नसते, तो उजेडही पिल्लाची झोप मोडतो. आतून तापणारे "हॉट रॉक" तर वापरूच नका, त्यांनी पोट भाजतं.

दोन टोकांतला हा फरक ठेवायचा असतो, कारण किती ऊब हवी ते पिल्लू स्वतः ठरवतं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी वाळवंटी इग्वानांना जिवाणूंचा संसर्ग करून वेगवेगळ्या तापमानाला ठेवलं. जास्त उबेत ठेवलेले सरडे जास्त वाचले. आपल्याला ताप आपोआप चढतो, सरड्याला तो दिव्याखाली जाऊन मिळवावा लागतो. आजारी पिल्लू दिव्याखालून हलत नसेल तर त्याला हुसकू नका.

पण उलटाही धोका आहे. फारच अशक्त पिल्लाला उबेतून उठून जाता येत नाही, आणि मग तेच ४२ अंश त्याला सुकवून टाकतात. असं पिल्लू हाताने थेट दिव्याखाली ठेवायचं नाही. ऊन खाण्याच्या दगडापासून जरा अलीकडे, ३२ ते ३५ अंश असेल अशा सपाट जागी ठेवा आणि दर काही मिनिटांनी बघत राहा. उंच फांद्या काढून टाका. पडून इजा व्हायला हातभर उंची पुरते.

यूव्हीबी

उबेच्या जोडीला यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखी अतिनील किरणं देणारी, ट्यूब तपासा. ही किरणं अंगावर पडल्याशिवाय पिल्लाच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, पाठीला किंवा शेपटीला बाक येतो, बोटं थरथरतात. याला एमबीडी (मेटाबॉलिक बोन डिसीज, हाडं मऊ पडण्याचा आजार) म्हणतात. वाढत्या हाडांमुळे पिल्लांत तो फार झपाट्याने उतरतो. वेळेवर लक्षात आला तर थांबवता येतो. वाकलेलं हाड मात्र बहुधा सरळ होत नाही.

ट्यूब "टी-५" प्रकारची, दहा ते बारा टक्के यूव्हीबीची आणि पेटीच्या निदान अर्ध्या लांबीची घ्या. गुंडाळी असलेल्या छोट्या बल्बचा झोत एवढाशा जागेत पडतो, तो नको. ट्यूब आणि पिल्लू यांच्यामध्ये काच असेल तर यूव्हीबी जवळजवळ सगळी अडते. बारीक जाळीही बराच हिस्सा खाते. खिडकीच्या बंद काचेतून येणारं ऊन म्हणून कामाचं नाही. ट्यूब उजेड देत राहते, पण तिची यूव्हीबी आधीच ओसरलेली असते. दर सहा ते बारा महिन्यांनी, उत्पादकाने सांगितलंय तसं, ती बदलावी लागते. जुनी पेटी विकत घेतली असेल तर सोबत आलेली ट्यूब मेलेलीच आहे असं धरून चाला. दिवे बारा ते चौदा तास चालू, मग पूर्ण अंधार.

आजारपणाची पेटी

आजारी पिल्लाला मोठी, सजवलेली पेटी नको. साधी, लहान, एका नजरेत सगळं दिसेल अशी पेटी घ्या. तळाला किचन पेपर, एक सपाट दगड, एक लपायची जागा, बस्स. वाळू काढून टाका, "कॅल्शियमची वाळू" म्हणून विकली जाणारीसुद्धा. पिल्लं किड्याबरोबर वाळूही चाटतात आणि ती पोटात गोळा होऊन बसते. पेपरचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे शी आणि युरेट, म्हणजे शीबरोबर पडणारा पांढरा भाग, स्पष्ट दिसतात. त्यांच्याकडून बरंच काही कळणार आहे.

दोन पिल्लं एकत्र असतील तर आजच वेगळी करा. एकावर एक चढून बसलेली पिल्लं बघायला गोड वाटतात, पण वरचं पिल्लू खालच्याच्या वाट्याची ऊब घेत असतं. दबलेलं पिल्लू खात नाही, मग वाढत नाही, मग त्याची बोटं किंवा शेपटीचं टोक दुसऱ्याच्या तोंडी जातं. त्या तुटलेल्या शेपट्या परत येत नाहीत.

पाणी

ऊब जागेवर आली की पाणी. शरीरातलं पाणी कमी झाल्याच्या खुणा अशा : बरगडीवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट होत नाही, डोळे खोल जातात, तोंडात लाळेच्या चिकट तारा दिसतात. आणि युरेट पिवळा किंवा केशरी आणि खडूसारखा टणक होतो. निरोगी युरेट पांढरा आणि मऊ असतो.

बरीच पिल्लं भांड्यातलं साचलेलं पाणी पाणी म्हणून ओळखतच नाहीत. हलणारा, चमकणारा थेंब त्यांना कळतो. ड्रॉपरने कोमट पाण्याचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर सोडा आणि थांबा. आधी काहीच होत नाही. मग थेंब ओघळून ओठाच्या कडेला येतो, पापणी हलते, आणि एकदम ती गुलाबी जीभ बाहेर येऊन थेंब टिपून घेते. एकदा चाटायला लागलं की ते स्वतः मान किंचित वर करून पुढच्या थेंबाची वाट बघतं.

किती द्यायचं? इथे हिशेब करा, कारण अंदाज इथे हमखास चुकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना दिवसभरात साधारण दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे दहा ग्रॅमच्या पिल्लाला ०.१ ते ०.३ मिलिलिटर. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर पाणी असतं, तेव्हा दिवसाचे दोन ते सहा थेंब. आपण सिरिंजमध्ये एक मिलिलिटर भरून "एवढंसंच तर आहे" म्हणतो, ते त्याच्या निदान तीन दिवसांचं पाणी असतं. स्वतःहून चाटत असेल तर त्याला हवं तितकं चाटू द्या. पण तोंड उघडून पिचकारी मारू नका. सरड्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशी, अगदी पुढे असतं. तिथून पाणी फुप्फुसात गेलं तर आजारावर न्यूमोनियाची भर पडते.

दिवसातून एकदा कोमट पाण्यात बसवा. पाणी ३२ ते ३४ अंश, खोली फक्त पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत, वेळ दहा मिनिटं, आणि त्या वेळात नजर हलवायची नाही. दमलेल्या पिल्लाची मान गळून नाक पाण्यात जायला क्षण पुरतो. त्यामुळे हनुवटीखाली बोट धरायची सवय ठेवा. या अंघोळीत काही पिल्लं पाणी पितात, पुष्कळदा शीही करतात. त्यानंतर मऊ कापडाने पूर्ण पुसून लगेच उबेत ठेवायचं. ओलं अंग गार हवेत ठेवलं तर केलेलं सगळं उलटतं. अंघोळीनंतर पिल्लू आणखी मलूल दिसत असेल तर उद्या अंघोळ नको, थेंबच बरे.

पोट अडलंय का

खाणारं पिल्लू रोज किंवा दिवसाआड शी करतं. खाऊनही तीन-चार दिवस शी नाही, पोट फुगलंय, मागचे पाय जड झालेत, तर पोट अडल्याची शंका घ्या. कारणं बहुतेक तीनच : ऊब कमी, किडा फार मोठा, किंवा वाळू. अंघोळीत असताना बोटाच्या पेराने छातीकडून शेपटीकडे पोटावर अगदी हलका हात फिरवा, आपल्या मिटलेल्या पापणीवरून फिरवू इतका हलका. तेल पाजायला सांगणारे भेटतील, ते करू नका. श्वासनळीत गेलेलं तेल पाण्यापेक्षा वाईट. दोन अंघोळींनी काम झालं नाही किंवा मागचे पाय ओढायला लागलं, तर एक्स-रे काढूनच पुढचं ठरतं.

आता खाणं

निदान एक पूर्ण दिवस ऊब बरोबर, डोळे वर आलेले, थेंब चाटतंय, तेव्हाच खाण्याकडे वळा. पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून किडा मोठा नको. मऊ किडे घ्या : लहान रेशीमकिडे, नुकती कात टाकलेली दुबिया झुरळं, सोल्जर फ्लायच्या अळ्या. या अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. मीलवर्मचं कवच कडक असतं, ते आत्ता नको.

एकच किडा सोडा, दोन पावलं मागे सरका, हलू नका. नजरेने पाठलाग केला तरी ती प्रगती आहे. घेतच नसेल तर किड्याचं डोकं काढून आतला मऊ भाग ओठाच्या कडेला लावा. पाण्याच्या थेंबासारखंच ते चाटून घेतं, आणि चव लागली की कधीकधी पुढचा किडा स्वतः पकडतं. दहा-पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उरलेले किडे मोजून बाहेर काढा. रातकिडे रात्रभर पेटीत राहिले तर झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि पापण्या कुरतडतात.

सिरिंजने भरवायची पावडरची खाद्यं मिळतात. ती मी डॉक्टरांनी मात्रा लिहून दिल्याशिवाय वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून मृत्यूही येऊ शकतो. सुरुवात थोडक्यापासून, पातळ करून, हे काम तोलूनमापून करायचं आहे.

भूक परतली की दिवसातून दोन-तीन वेळा किडे, आणि बारीक चिरलेली हिरवी पानं कायम समोर. पिल्लं पानांकडे फारसं बघत नाहीत, तरी ठेवायची. कॉलर्ड, डँडेलियन अशी गडद पानं चांगली. पालक नेहमी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अॅव्होकॅडो विषारी. किड्यांवर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमची पूड आठवड्यातून पाच दिवस आणि मल्टिव्हिटॅमिनची पूड एक-दोन दिवस भुरभुरवायची. एमबीडीची शंका असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. डी३ वाढवून दिलं तर तेही घातक ठरतं.

शी : तपासायचीच

सगळं बरोबर आहे, तरी पिल्लू वाढत नाही. शी पातळ आहे, तिला उग्र वास येतो. अशा वेळी कॉक्सिडियाची शंका सर्वात आधी. हा एकपेशीय परजीवी बिअर्डेड ड्रॅगनमध्ये फार आढळतो. थोड्या संख्येने असला तर मोठा सरडा धकवून नेतो, पण ताण, थंडी किंवा गर्दी यांनी पिल्लू खचलं की तो आतड्यात बेसुमार वाढतो. पिनवर्म या बारीक जंताचंही तसंच. दोघांवर औषधं आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून अंदाजाने जंताचं औषध देणं बंद. पाण्याविना सुकलेल्या, दहा ग्रॅमच्या जिवाला थोडं जास्त झालेलं औषधही पेलत नाही.

सॅम्पल ताजं हवं, त्याच दिवसाचं. ओलसर असतानाच झाकणाच्या छोट्या डबीत भरा, उन्हात ठेवू नका. कॉक्सिडिया निघाला तर औषधाइतकीच स्वच्छता महत्त्वाची, कारण शीतून पडलेली त्याची अंडीवजा पुटिका पुन्हा तोंडात गेली की चक्र परत सुरू होतं. बरीच जंतुनाशकं त्या पुटिकांपुढे निकामी ठरतात. शी पडली की लगेच पेपर बदलायचा, दगड-भांडी रोज उकळत्या पाण्याने धुवायची, लाकडी वस्तू टाकून द्यायच्या. समोर राहिलेले किडेही तिथे सोडायचे नाहीत, ते शीवरून फिरून पुन्हा पिल्लाच्या तोंडी जातात.

एक आजार मात्र असा आहे की तिथे आपला इलाज चालत नाही. अॅडिनोव्हायरस. काही आठवड्यांचं पिल्लू वाढत नाही, मान वर वळवून आभाळाकडे बघत राहतं, एके दिवशी जातं. त्याच्यावर औषध नाही, फक्त ऊब, पाणी आणि जोडीला आलेल्या परजीवींवर उपचार. शीच्या जागेतल्या स्वॅबवर पीसीआर तपासणी करून तो ओळखता येतो. घरात दुसरे बिअर्डेड ड्रॅगन असतील तर ही तपासणी करूनच घ्या. निरोगी दिसणारे मोठे सरडे हा विषाणू बाळगून असू शकतात. तोवर आजारी पिल्लाचं सगळं काम दिवसाच्या शेवटी करायचं आणि त्याचे चिमटे, भांडी वेगळी ठेवायची.

डॉक्टरांकडे नेताना

हवेसाठी भोकं असलेला छोटा डबा, तळाला मऊ कापड. बाहेर गारवा असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेरून टेकवा, आत नको. डबा झाकलेला राहू द्या, अंधारात पिल्लू शांत राहतं.

सोबत वजनांची वही, शीचं सॅम्पल आणि पेटीचे फोटो न्या. पेटीचा पूर्ण फोटो, ट्यूबवर छापलेल्या अक्षरांचा फोटो, दगडावर रोखलेल्या गनच्या आकड्याचा फोटो. चांगला डॉक्टर पिल्लाला हात लावण्याआधी पेटीबद्दल विचारतो. विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा. औषध लिहून दिलं की ते आजच्या वजनावर मोजलंय ना, सिरिंजवर नेमकी कुठली रेघ, खाल्ल्यानंतर की आधी, हे तिथेच विचारून पहिला डोस त्यांच्यासमोर द्या. पंधरा ग्रॅमच्या पिल्लाला दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी ते जिवावर बेततं.

तुमचे हात

बिअर्डेड ड्रॅगनच्या आतड्यात माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो, पिल्लू निरोगी असलं तरी. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. अंघोळीचं भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये ते धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर पिल्लाची सेवा दुसऱ्या कुणीतरी करावी.

बरं होताना

माझं दुसरं पिल्लू कॉक्सिडियाने आजारी पडलं तेव्हा अकरा ग्रॅमचं होतं. पाच दिवस काटा ११.० आणि १०.८ यांच्यात हलत होता. सहाव्या दिवशी सकाळी दिवा लागला आणि ते आपल्या पायांनी चालत दगडावर गेलं, पोट चपटं करून ऊन घेतलं. किडा तेव्हाही खाल्ला नाही. खाणं दोन दिवसांनी सुरू झालं. बरं होण्याचा क्रमही हाच असतो : आधी पिल्लू ऊब शोधतं, मग डोळे टवटवीत होतात, मग भूक लागते आणि सगळ्यात शेवटी वजन वाढतं. त्यामुळे दगडावर जाऊन बसायला लागलेलं पिल्लू अजून खात नसेल, तर घाईने भरवायला जाऊ नका.

खायला लागलं म्हणून औषध मध्येच थांबवू नका. कोर्स संपल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा शी तपासा आणि काही आठवड्यांनी आणखी एकदा. तो दुसरा रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत तळाला किचन पेपरच राहू द्या, आणि जुन्या पेटीतल्या फांद्या परत आणू नका.